गुलाबी कुंडी कुणाच्या दारात?

"काकू, ही घ्या. लिपस्टिक आहे!" हातगाडीवाला पोरगा म्हणाला आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या दोन कॉलेजच्या मुली फिस्सकन हसल्या. मलाही हसू आवरेना. चाळिशी ओलांडलेल्या बाईला भर रस्त्यात कुणी लिपस्टिक दाखवावी! पण त्याच्या हातात होती अ‍ॅग्लोनिमा. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत चार-पाच पानं, हिरव्या पानाला गुलाबी काठ आणि मधली शीरही गुलाबी. नर्सरीवाले तिला लिपस्टिक म्हणतात.

हल्ली आमच्या सिल्लोडात रोपांची गाडी आली की बायका आधी हेच विचारतात, "गुलाबी पानांचं काही आहे का?" पूर्वी तुळस, गुलाब, मोगरा, फार तर बाटलीतला मनीप्लांट. आता मोबाइलवर कुणाकुणाच्या बैठकीचे फोटो येतात, त्यात टीव्हीशेजारी गुलाबी पानांची कुंडी असते आणि मग आपल्यालाही ती हवी असते. हवी तर हवी! मला त्यात काही वावगं वाटत नाही. घरातल्या फरशीपासून पडद्यापर्यंत सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं असतं. एखादी कुंडी तरी बाईनं आपल्या मनानं आणावी. मात्र आणताना डोळे उघडे ठेवावेत, एवढंच माझं म्हणणं आहे. त्यासाठीच आज हा प्रपंच.

आमच्या घरी कुंडी आली की पहिला प्रश्न येतो, "आता हिला पाणी कुठून?" प्रश्न चुकीचा नाही. मराठवाड्यातल्या बाईला पाण्याचा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. खेळणा धरणात पाणी किती उरलं, याकडे उन्हाळ्यात अख्ख्या सिल्लोडचे डोळे लागलेले असतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेही आपण कुणी विसरलेलो नाही. म्हणून मी एकदा चक्क मोजून पाहिलं. घरातल्या सावलीत ठेवलेल्या मध्यम कुंडीला पावसाळ्यात आठवड्यातून एक पेलाभर पाणी पुरतं, भर उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी पेलाभर. तांदूळ, डाळ, कोथिंबीर धुतलेलं पाणी आपण मोरीत ओततोच ना? तेच गार असताना कुंडीत ओतायचं. मीठ घातलेलं मात्र नको. दोन कुंड्यांनी कुणाच्या घरचं पाणी आटत नाही. वीस आणाल तर आटेल, हे मीही मान्य करते!

एक गोष्ट मात्र पुष्कळ जणी चुकतात. पाणी शुद्ध करायच्या मशिनमधून जे पाणी वाया जातं, ते 'फुकटचं' म्हणून कुंड्यांना घालतात. त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात. आधीच आपल्या बोअरचं पाणी जड, त्यात हे! चार महिन्यांत पानांची टोकं करपतात, मातीवर पांढरा थर येतो. ते पाणी फरशी पुसायला वापरा. रोपांसाठी पावसाळ्यात पत्र्याखाली एखादी पिंप लावून ठेवा. पावसाचं पाणी मिळालं की गुलाबी पानं अशी खुलतात की बघत राहावं.

आता माझी फजिती सांगते. तीन वर्षांपूर्वी मोबाइलवर एका रोपाचा फोटो पाहिला. नाव होतं 'पिंक काँगो'. अख्खं पान गुलाबी, हिरव्या रंगाचा ठिपका नाही! साडेसहाशे रुपये मोजले. (घरी अडीचशेच सांगितले, हे आज पहिल्यांदाच उघड करतेय.) रोप आलं, अगदी फोटोसारखं. आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून झालं. मग नवं पान आलं, ते हिरवं. दुसरं आलं, तेही हिरवं. मला वाटलं माझंच काही चुकतंय. जागा बदलली, खत बदललं, दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सगळं झाड हिरवंगार. नंतर माहिती काढली तेव्हा कळलं, हा प्रकार जगभर झालेला आहे. हिरव्या फिलोडेंड्रॉनला रसायनाची मात्रा देऊन काही महिन्यांपुरती पानं गुलाबी करायची आणि विकायची. मात्रेचा असर संपला की झाड आपल्या मूळ रंगावर येतं. झाडाचा काही दोष नाही, माझाही नाही. तरी ते साडेसहाशे रुपये मला अजून बोचतात.

म्हणून सांगते, रोप शक्यतो हातात घेऊन विकत घ्या आणि त्याचं सगळ्यात कोवळं पान बघा. जुनी पानं गुलाबी आणि उलगडणारं पान साधं हिरवं असेल तर दुकानदाराला दोन प्रश्न जास्त विचारा. कॅक्टस किंवा जाड पानांची छोटी रोपं भडक गुलाबी दिसली तर ओल्या कापसानं हळूच पुसून बघा. कापूस गुलाबी झाला तर तो रंग डब्यातला! रंगवलेल्या पानाला धड उजेड मिळत नाही आणि ते रोप झुरून जातं. आणि निळ्या-काळ्या गुलाबाचं बी म्हणून जे पाकीट येतं, त्याच्या वाटेला तर जाऊच नका.

सगळंच फसवं असतं असंही नाही बरं का. हिरव्या दांड्यावर गुलाबी चेंडू बसवलेला छोटा कॅक्टस तुम्ही पाहिला असेल. तो रंग खरा आहे. पण त्या गुलाबी चेंडूत हरितद्रव्यच नसतं, त्यामुळे त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. जपानमध्ये १९४० च्या दशकात अशी रंगीत रोपं उगवली आणि ती जगावीत म्हणून दुसऱ्या हिरव्या कॅक्टसवर त्यांचं कलम करू लागले. खालचा दांडा बहुतेक वेळा ड्रॅगन फ्रूटच्या जातकुळीतला असतो. खालच्यानं कमवायचं आणि वरच्यानं मिरवायचं! काही वर्षांनी खालचा दमतो आणि दोघंही जातात. हे ठाऊक असून घेतलंत तर हरकत नाही.

या कॅक्टसवरून गुलाबी पानांचं सगळं गणित समजतं. पान हिरवं असतं कारण त्यात हरितद्रव्य असतं, आणि तेच झाडाचा स्वयंपाक करतं. पानाचा जेवढा भाग गुलाबी, तेवढी चूल थोडी मंद. म्हणून हिरव्या मनीप्लांटला जी अंधारी जागा चालते, तिथे गुलाबी पानांचं रोप हळूहळू खंगतं, नाहीतर रंग सोडून हिरवं होतं. ते तरी काय करणार? पोटाला लागलं की रंग कुणाला सुचतो! म्हणजे गुलाबी रोपाला उजेड जास्त हवा, पण आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन नको. बेचाळीस अंशाच्या उन्हात ही पानं दोन दिवसांत कागदासारखी होतात.

मग उजेड पुरेसा आहे हे ओळखायचं कसं? माझी सोपी युक्ती आहे. दुपारी दिवा न लावता त्या जागी बसून वर्तमानपत्राची बारीक अक्षरं वाचता आली, तर तिथे अ‍ॅग्लोनिमा जगेल. नाही वाचता आली तर तिथे गणपतीचा फोटो लावा, कुंडी नको. आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या मधल्या खोल्या अशाच असतात. पूर्वेची खिडकी सगळ्यात उत्तम. पश्चिमेच्या खिडकीला उन्हाळ्यात जुन्या ओढणीचा पडदा लावा.

पहिल्यांदाच घेणार असाल तर मी अ‍ॅग्लोनिमाच सुचवेन. ही मूळची हिरवी-रुपेरी. इंडोनेशियातल्या ग्रेगोरी हंबाली नावाच्या तज्ज्ञानं १९८० च्या दशकात सुमात्रा बेटावरच्या लालसर शिरांच्या जातीशी संकर करून रंगीत अ‍ॅग्लोनिमा घडवली आणि तिथून लाल-गुलाबी जातींची रांगच लागली. चिवट आहे. फक्त पाण्याची घाई नको. मातीत बोट खुपसायचं, पहिलं पेर कोरडं लागलं तरच पाणी. कुंड्या पाण्यावाचून मरतात त्याच्या दुप्पट आपल्या मायेनं मरतात, हा माझा अनुभव आहे. थंडीत मात्र हिला जपा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगल्याच गारठ्याच्या असतात, तेव्हा खिडकीपासून आत सरकवा.

गुलाबी सिंगोनियम त्याहून स्वस्त आणि वाढीला जोरकस. फिटोनिया दिसायला फार गोड, हिरव्या पानावर गुलाबी शिरांचं जाळं, पण स्वभावानं रुसूबाई. दुपारी पाणी चुकलं की अशी मान टाकते की मेलीच वाटावी. पेलाभर पाणी द्या, तासा-दोन तासांत उठून बसते. हिला ओलसर हवा आवडते, म्हणून मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलीय. उन्हाळ्यात कूलर ज्या खोलीत असतो तिथेही ती खूश असते, फक्त कूलरचा झोत अंगावर नको.

ओसरी किंवा पोर्च असेल तर कॉर्डिलाइन. नर्सरीत तिला सगळे ड्रेसिनाच म्हणतात, तुम्हीही म्हणा, पण उंच, गर्द गुलाबी पानांची ती बहुतेक कॉर्डिलाइन असते. आणि ज्यांना काहीच जगत नाही असं वाटतं, त्यांनी रिओ लावावी. पट्ट्यांची पानं, वरून हिरवी-पांढरी-गुलाबी, खालून जांभळी. तुटकं टोपलं द्या, फुटका माठ द्या, ती तक्रार करत नाही. कोलियसही तशीच. कांडी मोडून पाण्यात ठेवली की आठ-दहा दिवसांत मुळं!

कॅलेडियमबद्दल मात्र दोन शब्द जास्त सांगायला हवेत, कारण या बिचाऱ्या झाडावर फार अन्याय होतो. पावसाळ्यात गुलाबी ठिपक्यांची मोठमोठी पानं येतात, दिवाळीनंतर ती पिवळी पडून माना टाकतात आणि हिवाळ्यात कुंडी रिकामी. बायका म्हणतात 'मेलं' आणि माती उकिरड्यावर! अहो, ते झोपलेलं असतं. खाली कंद जिवंत असतो, आपल्या हळदीसारखा, आल्यासारखा. आपला तालुका अद्रक लावणारा, आपल्याला हे वेगळं सांगायला नको. पाणी बंद करा, कुंडी कोपऱ्यात सरकवा, नाहीतर कंद काढून कोरड्या राखेत ठेवा. मे संपता संपता पुन्हा मातीत घाला. मृग बरसला की कोंब हजर!

आता मातीकडे वळते. गाडीवरची बरीचशी रोपं आंध्रातल्या कडियमहून येतात. राजमहेंद्रीजवळच्या या गावात मैलोनमैल नर्सऱ्या आहेत, तिथून देशभर ट्रक जातात. गंमत बघा, आपल्या पैठणवरून गेलेली गोदावरीच तिथे पोचते. तिथली हवा दमट आणि रोपाला सवय मोकळ्या तांबड्या मातीची. काही रोपं पुण्याजवळच्या उरुळी कांचन, सोरतापवाडीकडूनही येतात. ती ट्रकमधून हलत-डुलत आपल्या कोरड्या हवेत येतात आणि आपण काय करतो? घरी आल्या आल्या कुंडी बदलतो आणि शेतातली काळी माती दाबून भरतो! कपाशीला सोन्यासारखी असलेली ती माती कुंडीत पाणी धरून बसते, वाळली की भेगा पडतात आणि कोवळी मुळं तुटतात. रोपाला आधी पंधरा दिवस तसंच राहू द्या. एक-दोन पानं गळतील, घाबरू नका. मग काळी माती एक भाग, तेवढीच जाड वाळू, तेवढंच जुनं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. बुडाशी विटांचे तुकडे. भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत रोप कधीच लावायचं नाही, कितीही सुंदर असली तरी.

कीड पडली तर? उन्हाळ्यात लाल कोळी आणि इतर वेळी पिठ्या ढेकूण. मिरची-कपाशीवाल्या घरातल्या बायकांना ही नावं नवी नाहीत. आणि म्हणूनच मला भीती वाटते. मी अशी घरं पाहिली आहेत, जिथे शेतातून उरलेलं औषध बाटलीत आणून बैठकीतल्या कुंडीवर फवारलं होतं. खाली लेकरू रांगत होतं! शेतातलं औषध मोकळ्या रानासाठी असतं. बंद खोलीत, पडद्यावर, चटईवर ते बसलं की जाता जात नाही. बाटली ओळखीच्या सरबताची असेल तर अनर्थच. घरातल्या कुंडीवर ते फवारूच नका. पिठ्या ढेकूण ओल्या फडक्यानं पुसून काढा, रिठ्याचं पाणी मारा किंवा लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि दोन थेंब साबण. आठ दिवसांनी पुन्हा. वेळ लागतो, पण जातो.

लेकरांवरून आठवलं. अ‍ॅग्लोनिमा, कॅलेडियम, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, अँथुरियम ही सगळी अळूच्या कुळातली. अळू नीट शिजलं नाही, चिंच कमी पडली तर घसा कसा खवखवतो, ते आपल्याला माहीत आहे. तीच सुईसारखी खडं या पानांत असतात. लहान मुलानं पान चावलं तर तोंडाची आग होते, ओठ-जीभ सुजते. तोंड धुवून गार पाणी किंवा दूध द्यायचं आणि सूज वाढली, गिळता येईना, श्वासाला त्रास वाटला तर तडक दवाखाना गाठायचा. रांगतं मूल घरात असेल तर ही रोपं उंचावर ठेवा किंवा फिटोनियावर भागवा, ती निरुपद्रवी आहे. आणि दारातली गुलाबी कण्हेर? देवाला वाहतो म्हणून ती निर्धोक ठरत नाही. तिचं पान, फूल, खोड सगळंच विषारी, अगदी जिवावर बेतणारं. मुलांना हे ठणकावून सांगून ठेवा.

मागे एका कार्यक्रमात मी हे सगळं सांगत होते, तर एक आजोबा उठले आणि म्हणाले, "ताई, ही परदेशी फॅडं हवीत कशाला? आपली झाडं काय कमी आहेत?" आपली झाडं मला प्रिय आहेतच. चैत्रात पिंपळाची कोवळी पालवी बघा, गुलाबीच असते. पण मी त्यांना विचारलं, आपल्या अंगणातली सदाफुली मादागास्करची, गुलबक्षी अमेरिकेतली, आणि शिवना-आमठाण्याकडची ज्या मिरचीवर आपला बाजार चालतो, ती तरी कुठली? पोर्तुगीजांबरोबर समुद्र ओलांडून आली आणि आता तिच्याशिवाय आपला ठेचा होत नाही! आजोबा हसले आणि खाली बसले. पटलं की नाही, देव जाणे.

खरं सांगू? गुलाबी रंगावरची ज्या कारणानं मी हे लिहायला बसले, ती गोष्ट अजून सांगितलीच नाही.

आमच्या थोरल्या जाऊबाई बारा वर्षांपूर्वी विधवा झाल्या. त्यांना कुणी सक्ती केली नाही, आमचं घर तसं नाही, असं मी इतके दिवस समजत होते. पण त्यांच्या कपाटातल्या साड्यांचा रंग हळूहळू फिका होत गेला. राखाडी, बदामी, मोतिया. मुलीनं आणलेली राणी रंगाची साडी त्यांनी घडीही न मोडता भाचीला देऊन टाकली. सक्ती कुणी केली नाही, पण 'नेसा' असंही कुणी म्हणालं नाही. मीही नाही. समाजकार्य करते म्हणवणाऱ्या मीही नाही!

रिओच्या कांड्या लावत होते तेव्हा त्या जवळ येऊन बसल्या. "काय करू राहिली गं?" मी म्हटलं, "संक्रांतीच्या वाणाला रोपं करतेय. प्लास्टिकच्या गाळण्या आणि डबे दरवर्षी तेच तेच. यंदा गुलाबी पानांचं रोप लुटणार." त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चांगलं आहे. मला एक कांडी दे. पण वाण म्हणून नको देऊ हं, अशीच दे."

'अशीच दे.' त्या रात्री मला झोप लागली नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागानं इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. मी तेव्हा भाषणात टाळ्या घेतल्या होत्या. पण ठराव मरणाच्या दिवसापुरता. त्यानंतरच्या बारा संक्रांतींचं काय? हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत बसून दुसऱ्यांची लेकरं सांभाळणाऱ्या बाईचं काय?

मी ठरवलं, की त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला वाण द्यायचं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. कुंकू कुणी लावून घ्यायचं आणि कुणी नाही, हा जिचा तिचा प्रश्न, मी आग्रह धरणार नाही. पण रोप सगळ्यांच्या हातात, एकाच रांगेत, एकाच बैठकीत. दसऱ्यानंतर कांड्या लावायला घेतल्या, कारण संक्रांतीच्या थंडीत मुळं फुटायला फार वेळ लागतो. बचतगटातल्या बायकांनी घरोघरचे रिकामे डबे आणले. खिळा तापवून बुडाला भोकं पाडली. चाळीस डबे, रिओ आणि कोलियस. खर्च म्हणाल तर मातीचा आणि पेंडीचा.

सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. दोघी जणी आल्याच नाहीत. एका म्हाताऱ्या काकूंनी तोंडावर सुनावलं, "तुला रीतभात कळत नाही का गं? त्यांना कशाला वाणाला बसवतेस?" मी म्हटलं, "काकू, तुमच्या तुळशीला पाणी कोण घालतं, तिचा नवरा आहे की नाही, हे तुळस विचारते का?" माझं उत्तर त्यांना आवडलं नाही, अजूनही त्या माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतात. आमच्या घरात पण कुजबुज झाली. आणि जाऊबाई? त्या दाराशीच उभ्या राहिल्या, आत येईनात. माझ्या सासूबाई उठल्या. त्यांच्या मनात काय होतं मला माहीत नाही, त्या एरवी रीतीच्या पक्क्या. त्यांनी एक डबा उचलला, दारात गेल्या, जाऊबाईंच्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाल्या, "धर. पाणी बेतानं घाल, नाहीतर सडवशील."

त्या दिवशी एकूण सहा जणींनी असं वाण घेतलं. एकीनं तर पदराआड लपवून नेलं. पुढे दोन-तीन महिन्यांनी तिच्या घरी गेले, तर डबा न्हाणीच्या खिडकीत होता, रस्त्यावरून दिसणार नाही असा. मी काही बोलले नाही. उजेड तिथे बरा होता.

जाऊबाईंच्या रिओची आता तीन डबडी झाली आहेत. पुढच्या ओसरीत, चारचौघांना दिसतील अशी. साड्या अजून बदामीच आहेत, मी विचारत नाही. मात्र या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी त्याच कात्री घेऊन माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "डबे किती गोळा झाले गं? यंदा साठ तरी लागतील. आणि ती काकू आली नव्हती ना मागे, तिच्यासाठी पण एक काढून ठेव."